भिंतीतली वायर आखूड पडली तर काय वापरायचं? वागो २२१ लिव्हर कनेक्टरचा सविस्तर रिव्ह्यू

स्विच बदलायला बोर्ड उघडावा आणि मग कळावं की भिंतीतून आलेली वायर नव्या स्विचच्या स्क्रूपर्यंत पोचतच नाहीये, हे किती घरांमध्ये होतं ते वायरिंगची कामं करणाऱ्या कुणालाही विचारा. दरवेळी स्विच किंवा सॉकेट बदलताना वायरचं काळं पडलेलं टोक कापलं जातं, दरवेळी एक-दोन सेंटीमीटर जातात, आणि वायरिंग जुनं झालं की बॉक्समध्ये जेमतेम दोन पेरं वायर उरते. मग नेहमीचं ठरलेलं, पीळ मारायचा, काळी टेप गुंडाळायची, सगळं आत कोंबायचं आणि प्लेट लावून मोकळं व्हायचं. हा रिव्ह्यू त्या पिळाच्या जागी काय लावावं याबद्दल आहे, म्हणजे मुख्यतः वागो कंपनीच्या २२१ सिरीजच्या लिव्हर कनेक्टरबद्दल (वायरी आत घालून लिव्हर बंद केली की त्या जोडून धरणारी छोटी डबी), पण बाकीचे प्रकारही मी वापरलेत त्यामुळे तेही मध्ये मध्ये येतील.

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. घरातली तांब्याची वायर, ४ स्क्वेअर एमएमपर्यंतची (हे वायरच्या जाडीचं माप), कोरड्या जागी, बॉक्सच्या आत वाढवायची असेल तर यापेक्षा चांगली वस्तू मला आजवर मिळालेली नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आता एवढ्याशा जॉइंटसाठी एवढं लिहायची गरज काय असं वाटत असेल तर हे गणित बघा. दोन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपियर करंट ओढतो. समजा वायर वाढवताना मारलेला पीळ जरा ढिला आहे आणि त्या जॉइंटचा रेझिस्टन्स फक्त ०.१ ओहम आहे. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स केलं की साडेसात वॅट येतात. म्हणजे टेपच्या त्या छोट्याशा गोळ्यात, बंद बॉक्समध्ये, जिथे हवा खेळत नाही तिथे, गीझर चालू असेपर्यंत साडेसात वॅटचा हीटर चालू आहे. साध्या पीव्हीसी वायरचं इन्सुलेशन ७० डिग्रीपर्यंत धरलेलं असतं, त्यामुळे पुढे काय होणार ते वेगळं सांगायला नको. आणि यात सगळ्यात वाईट गोष्ट कुठली, तर बाहेर काहीच कळत नाही. व्होल्टेज एक व्होल्टसुद्धा पडत नाही त्यामुळे पाणी नेहमीसारखं गरम होतं, करंट वाढलेला नाही म्हणून एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही, करंट कुठे लीक होत नाही म्हणून आरसीसीबी (करंट लीक झाला की बंद होणारा) पण पडत नाही. सगळी सेफ्टी जागच्या जागी असताना जॉइंट आतल्या आत भाजत राहतो, आणि कळतं तेव्हा प्लेट पिवळी पडलेली असते नाहीतर जळका वास येत असतो.

आणि हे एकदा सुरू झालं की वाढतच जातं. गरम झालं की तांबं फुगतं, गार झालं की आक्रसतं, दर फेरीला पीळ थोडा सैल होतो, सैल झाला की रेझिस्टन्स वाढतो, मग अजून गरम, शिवाय गरम तांब्यावर ऑक्साईडचा थर लवकर चढतो. म्हणून जॉइंट कसा आहे हे पहिल्या दिवशी बघून ठरवता येत नाही, दाब कायम राहतोय का ते महत्त्वाचं. लिव्हर कनेक्टरचा सगळा मुद्दा इथे आहे, आत स्प्रिंग असते आणि ती वायरला कायम दाबून धरते, तांबं फुगो की आक्रसो.

एक गैरसमज मात्र काढून टाकते, वायर वाढवणं हे मुळात वाईट काम नाहीये. २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ७.४ मिलिओहम असतो, म्हणजे १५ सेंटीमीटरचा तुकडा जोडला तर जेमतेम एक मिलिओहमची भर. त्या तुकड्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते जोडलेल्या जागी, म्हणून अक्कल, वेळ आणि पैसे तिथे घालवायचे.

तर वस्तू कशी आहे. वागो ही जर्मनीतल्या मिंडेनची कंपनी, १९५१ पासूनची, आणि स्क्रू न वापरता स्प्रिंगने वायर पकडायचं हेच तिचं मुख्य काम. २२१ म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची छोटी डबी, वर केशरी लिव्हर. दोन वायरींसाठी २२१-४१२, तिनासाठी २२१-४१३, पाचासाठी २२१-४१५. सिंगल कोअर वायर (म्हणजे आत एकच जाड तार असलेली) असो की बारीक तारांची लवचिक वायर, ०.२ ते ४ स्क्वेअर एमएमपर्यंत चालते (बारीक तारांची तर ०.१४ पासून), रेटिंग ३२ अँपियर आणि ४५० व्होल्ट. आधीची २२२ सिरीज करड्या रंगाची होती, आकाराने मोठी, आणि वायर आत पूर्ण गेली की नाही ते दिसायचं नाही. २२१ मध्ये डबी पारदर्शक झाली हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो कारण वायरचं टोक शेवटपर्यंत पोचलंय हे डोळ्यांनी बघता येतं. लिव्हर उघडायची, वायर घालायची, लिव्हर बंद करायची, झालं. चुकलं तर लिव्हर उघडून वायर बाहेर काढा, काही कापावं लागत नाही, आणि वायर आधीच आखूड असताना ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण प्रत्येक चूक कापून दुरुस्त करायची म्हटली तर पुढच्या वेळी कापायला काही उरणारच नाही.

आखूड वायरसाठीच हे का आवडतं ते अजून सांगते. पीळ मारायचा तर दोन्ही वायरी निदान दोन-तीन सेंटीमीटर उघड्या लागतात आणि पक्कड फिरवायला जागा लागते, बॉक्सच्या आत खोल बसलेल्या वायरला ते जमतच नाही, मग घाईघाईत अर्धवट पीळ बसतो. क्रिंपिंगला, म्हणजे धातूची नळी वायरवर चेपून जोडायला, पक्कडीचं तोंड तिथवर पोचावं लागतं. लिव्हर कनेक्टरला फक्त ११ मिलीमीटर सोललेली वायर लागते आणि एका हाताने बसतो. भिंतीतून साडेतीन-चार सेंटीमीटर जरी वायर बाहेर असेल तरी काम होतं. त्याच्याहून कमी असेल तर मात्र आधी दुसरा विचार करा, पाईपच्या पलीकडच्या टोकाला जंक्शन बॉक्समध्ये थोडी जास्तीची वायर गुंडाळून ठेवलेली असते का ते बघा, असली तर तिकडून हलकेच पुढे ढकलत इकडून ओढून घेता येते आणि जॉइंटच टळतो. (जोर लावून ओढू नका, पाईपात आधीच एखादा जुना जॉइंट असला तर तो आतच सुटतो आणि मग फारच अवघड होऊन बसतं.) आणि पाईपातून नवी वायर घालणं शक्य असेल तर ते कुठल्याही कनेक्टरपेक्षा चांगलं, हे मान्य करूनच मी पुढचं लिहितेय.

आता लावायची पद्धत, कारण वस्तू कितीही चांगली असली तरी टोक नीट सोललं नाही तर उपयोग नाही. पहिल्यांदा अर्थातच सप्लाय बंद, नुसता बोर्डावरचा स्विच नाही, एमसीबी किंवा मेन. आणि बंद केल्यावर तपासायचं, ते पण असं की टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून बघायचा, मग आपल्या वायरवर, मग परत चालू सॉकेटवर, म्हणजे टेस्टरच बिघडलेला नाही याची खात्री होते. निऑन दिव्याच्या टेस्टरवर एकट्यावर मी विश्वास ठेवत नाही, भरपूर उजेडात तो लागलेला दिसत नाही आणि तुमच्या पायात जाड रबर असलं तरी मंद लागतो, दोन टोकांचा टेस्टर किंवा मल्टिमीटर असेल तर तोच वापरा. जुन्या बोर्डात दोन वेगळ्या एमसीबीवरच्या वायरी एकाच बॉक्समध्ये आलेल्या असतात, त्यामुळे एक बंद केला म्हणजे सगळं बंद असं धरून चालू नका, प्रत्येक वायर तपासा.

मग जळकं टोक कापा. अर्धवट नको, तांबं चकचकीत दिसेपर्यंत आणि इन्सुलेशन मऊ लागेपर्यंत कापा, कडक झालेलं, तडकलेलं इन्सुलेशन ठेवून त्याच्यावर कनेक्टर लावणं म्हणजे परत तेच. आखूड वायर अजून आखूड करायला जीवावर येतं हे कळतं मला, पण काळं तांबं कुठल्याच कनेक्टरमध्ये नीट बसत नाही. त्यानंतर ११ मिमी सोलायचं. डबीच्या अंगावरच मापाची खूण आहे, वायर बाजूला धरून बघता येते. कमी सोललं तर इन्सुलेशन स्प्रिंगखाली येतं आणि पकड तांब्यावर बसत नाही, जास्त सोललं तर उघडं तांबं डबीच्या बाहेर राहतं. ब्लेडने सोलताना तांब्यावर चर पडतो आणि सिंगल कोअर वायर नेमकी तिथेच तुटते, म्हणून साधा का होईना स्ट्रिपर वापरा. बारीक तारांच्या वायरला हलकासा पीळ द्या म्हणजे सगळ्या तारा एकत्र आत जातील. कथील लावू नका. बऱ्याच जणांना वाटतं कथील लावून टोक कडक केलं की पकड छान बसते, पण कथील दाबाखाली हळूहळू सरकतं आणि कालांतराने जॉइंट ढिला पडतो, स्क्रूखाली तर फारच. पिन लग (वायरच्या टोकावर चेपून बसवायची धातूची पिन) पण २२१ ला लागत नाही, थेट वायर चालते. लिव्हर बंद केली की वायर ओढून बघायची, चांगली खेचून, आणि समोरून बघायचं की टोक पोचलंय आणि एखादी तार बाहेर राहिलेली नाही. एका भोकात एकच वायर. दोन वायरी एका भोकात घुसवणं शक्य असलं तरी करू नका, स्प्रिंग दोघांवर सारखी बसत नाही.

वाढवायचा तुकडा कुठला घ्यायचा यावर मी जरा अडून बसणार आहे. मूळ वायर जेवढ्या जाडीची तेवढीच किंवा त्याहून जाड. २.५ च्या वायरला हाताशी होता म्हणून १ स्क्वेअर एमएमचा तुकडा जोडला तर एमसीबी २.५ च्या हिशोबाने बसवलेला आहे, तो त्या बारीक तुकड्याला वाचवायला वेळेत पडणार नाही. आणि इथेच लिव्हर कनेक्टरची सोय उलटी फिरते कारण तो ०.२ पण घेतो आणि ४ पण घेतो, वेगवेगळ्या जाडीच्या वायरी एकाच डबीत मुकाट्याने बसतात, तो तुम्हाला अडवत नाही. डबीवर ३२ अँपियर लिहिलंय ते डबीसाठी, तुमच्या वायरसाठी नाही. तुकड्याचा रंग पण मूळ वायरचाच ठेवा, फेजला फेजचा, न्यूट्रलला न्यूट्रलचा, नाहीतर पुढे बोर्ड उघडणारा माणूस फसतो. आणि तुकडा मोजून मापून कापू नका, १५ सेंटीमीटर ठेवा, पुढच्या दोन-तीन स्विच बदलण्यांची सोय होते.

अर्थिंगची वायर आखूड पडली म्हणून तशीच सोडून दिलेले बोर्ड मी खूप बघितलेत आणि दरवेळी वाईट वाटतं. फेज न्यूट्रल जोडले की उपकरण चालतं, त्यामुळे अर्थिंग सोडल्याचं कुणाला कळत नाही, पण गीझर किंवा वॉशिंग मशीनच्या बॉडीत करंट उतरला की तीच एक वायर तुम्हाला वाचवणार असते. ती पण तशाच कनेक्टरने, तेवढ्याच काळजीने वाढवा, खरं तर तीच आधी वाढवा.

आता बाकीच्या पर्यायांबद्दल. पीळ आणि टेप याबद्दल वर बोललेच, पण जुन्या कारागिरांवर अन्याय नको. वेस्टर्न युनियन जॉइंट, ब्रिटानिया जॉइंट, बारीक तारांचा मॅरिड जॉइंट हे शिकून, नीट घट्ट मारून, वरून सोल्डरिंग करून केले तर उत्तम टिकतात. तारायंत्राच्या काळात मैलोनमैल तारा अशाच जोडल्या जायच्या. अडचण अशी की आज त्यातला फक्त पीळ उरलाय, सोल्डरिंग गेलं, आणि पीळही चार वेढ्यांचा दोन वेढ्यांवर आला. शिवाय टेप हा काही जॉइंट धरून ठेवणारा भाग नाही, तो फक्त झाकण आहे, आणि उष्णतेने पीव्हीसी टेपचा गोंद चिकट पातळ होऊन टेप सुटत जाते. दहा वर्षांनी उघडलेल्या बोर्डात टेप हाताला चिकटते आणि आपोआप उलगडते ते त्यामुळेच.

स्क्रूवाली कनेक्टर पट्टी, म्हणजे पांढरी प्लास्टिकची, हवे तेवढे खण कापून घ्यायची ती, सगळीकडे मिळते आणि सिंगल कोअर वायरला वाईट नाही. पण बारीक तारांच्या वायरवर स्क्रूचं टोक थेट बसतं आणि तारा कापतं, वीस-तीस तारांतल्या पाच-सहा तुटल्या तरी वरून काही दिसत नाही. पट्टी वापरायचीच तर टोकाला पिन लग क्रिंप करा, आणि आत दाबपट्टी असलेली घ्या जी स्क्रू आणि तार यांच्यामध्ये येते. स्वस्तातल्या पट्टीचं प्लास्टिक गरम झालं की मऊ पडतं आणि स्क्रूची पकड जाते. झुंबर, ट्यूबलाईट अशा हलक्या लोडला मी ती अजूनही लावते, गीझर एसीला नाही. पाचपैकी तीन.

क्रिंप करायचे जॉइंट स्लीव्ह, लाल निळे पिवळे, लाल ०.५ ते १.५ साठी, निळे १.५ ते २.५ साठी, पिवळे ४ ते ६ साठी. रॅचेटची क्रिंपिंग पक्कड असेल तर बारीक तारांच्या वायरला हा जॉइंट फार छान बसतो, बारीक होतो, जागा कमी खातो, वरून हीट श्रिंक (तापवली की आक्रसून घट्ट बसणारी नळी) चढवली की सुटसुटीत. (श्रिंकची नळी जोडण्याआधी वायरवर सरकवून ठेवायची, आणि ती तापवताना भिंतीतल्या बाकीच्या वायरी भाजणार नाहीत हे बघायचं.) पण साध्या पक्कडीने चेपलेला स्लीव्ह हा क्रिंप नसतो, तो नुसता चपटा केलेला पत्रा असतो. सिंगल कोअर वायरवर हे साधे इन्सुलेटेड स्लीव्ह मी वापरत नाही, पकड तशी बसत नाही. आणि आधी म्हटलं तसं आखूड वायरवर पक्कड पोचायला हवी ना. योग्य हत्यार हातात असेल तर चार, नसेल तर घेऊच नका.

वायर नट म्हणजे टोपीसारखं फिरवून बसवायचं कनेक्टर, आत शंकूसारखी स्प्रिंग. उत्तर अमेरिकेत हे सर्रास चालतं, कॅनडातल्या विल्यम मार यांनी १९१४ च्या सुमारास ही कल्पना आणली आणि तिथे अजूनही त्याला मॅरेट म्हणतात. सिंगल कोअरला चांगलं, पण नीट बसलं की नाही ते हाताच्या अंदाजावर असतं, आतलं काही दिसत नाही, आणि दोन्ही वायरी एका बाजूने शेजारी शेजारी धरून फिरवायला लागतात, त्यामुळे आखूड वायरला त्रासच. मी तीन देईन.

वागोचाच २२७३ हा प्रकार पण बघितला असेल, लिव्हर नसलेला, वायर नुसती घुसवायची. आकार एकदम छोटा, छान आहे, पण तो सिंगल कोअरसाठी आहे, ०.५ ते २.५ स्क्वेअर एमएम, २४ अँपियर. बारीक तारांची लवचिक वायर त्यात घुसत नाही, घुसवली तर वाकते आणि अर्धी पकड बसते. म्हणून घरातली वायर कुठली आहे ते बघून मगच घ्या, लवचिक असेल तर लिव्हरवालाच.

आता अर्धा गुण कशासाठी कापला. पहिलं म्हणजे जागा. ४१३ साधारण १९ मिलीमीटर लांब आणि तेवढाच रुंद, जाडी आठेक मिलीमीटर. एक-दोन असतील तर काही नाही, पण उथळ बॉक्समध्ये चार स्विच, एक सॉकेट, मागे आधीच वायरींचा गुंता, त्यात पाच-सहा डब्या आल्या की प्लेट बसत नाही, आणि मग माणूस स्क्रू आवळून प्लेट दाबतो, मागे वायर चेपते. असं असेल तर बॉक्स खोल करा किंवा उंचीची फ्रेम लावून प्लेट पुढे आणा, पण दाबून बसवू नका. लिव्हर उघडायला वरती मोकळी जागा लागते हे पण धरा, शक्यतो आधी नवा तुकडा एका बाजूला लावून घ्या आणि मग बॉक्सजवळ नेऊन दुसरी लिव्हर बंद करा.

या जागेच्या प्रश्नावर त्यांच्याच २२१-२४११ चा चांगला उतारा आहे. हा सरळ रेषेतला, दोन टोकांना दोन वायरी, मध्ये बारीक लांबट अंग. वायर वाढवायलाच बनवलाय म्हणा ना. ४१२ मध्ये दोन्ही वायरी एकाच बाजूने आत जातात त्यामुळे नवा तुकडा मागे वळवून आणावा लागतो आणि त्या वळणाची जागा जाते, २४११ मध्ये वायर सरळ पुढे येते. रेटिंग तेच ३२ अँपियर, सोलायचं मापही तेच. बॉक्समध्ये ४१२ की २४११ असा प्रश्न असेल तर आखूड वायरीसाठी मी डोळे झाकून २४११ म्हणेन. फक्त हा लहान आहे, सरळ आहे म्हणून पाईपात ढकलून द्यायचा मोह होतो, ते करायचं नाही. आयईसी ६०३६४ हे वायरिंगचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड सांगतं की काही ठराविक प्रकार सोडले तर जॉइंट तपासायला हाताशी असला पाहिजे. म्हणजे बॉक्समध्ये, झाकण उघडलं की दिसेल असा. प्लास्टरमध्ये गाडलेला किंवा पाईपात सरकवलेला जॉइंट कितीही भारी कनेक्टरचा असला तरी चुकीचाच.

दुसरी गोष्ट, डबी ओढ सहन करायला बनवलेली नाही. भिंतीतल्या स्थिर वायरीला ते चालतं, पण काही लोक याच्याने मिक्सरची किंवा इस्त्रीची केबल वाढवतात आणि जमिनीवर सोडतात, ते फार धोक्याचं आहे. डबीच्या बाहेर केबलचं एकच पातळ इन्सुलेशन उरतं, वरचं जाड आवरण तिथे नसतं, कुणाचा पाय अडकला की ओढ थेट स्प्रिंगवर. उपकरणाची केबल आखूड असेल तर पूर्ण केबल बदला. आणि ओलाव्याला ही डबी सील नाही, बाथरूममधल्या उघड्या जागी, गच्चीवर, बागेतल्या दिव्याला नुसती लावू नका, त्यासाठी जेल भरलेला वेगळा जेलबॉक्स त्यांच्याकडेच मिळतो, कनेक्टर त्यात घालून झाकण लावायचं.

तिसरं, नकला. केशरी लिव्हर आणि पारदर्शक डबी दिसली म्हणजे वागो असं नाही. बिननावाच्या डब्यांवर पण ३२ अँपियर छापलेलं असतं, आतली पट्टी मात्र पातळ असते आणि लिव्हर बंद करताना हाताला तो ठाम टक असा दाब लागत नाही. सगळ्याच दुसऱ्या कंपन्या वाईट असं मी म्हणत नाही, पण डबीवर कंपनीचं नाव, मॉडेल नंबर, वायरच्या जाडीची मर्यादा आणि सोलण्याचं माप नीट छापलेलं नसेल तर ती भिंतीत ठेवू नका. वायर घालून जोरात ओढून बघा, सुटून आली तर प्रश्नच मिटला.

६ स्क्वेअर एमएमची वायर असेल, म्हणजे मोठ्या एसीची किंवा मेनमधून आलेली लाईन, तर ४१२-४१३ मध्ये ती बसवायचा प्रयत्न करू नका, काही तारा कापून वायर बारीक करून तर अजिबात नको. ६ साठी २२१-६१२, ६१३, ६१५ असे मोठे आहेत, ४१ अँपियरचे, आणि त्यांना सोलायचं माप ११ पेक्षा जास्त आहे, डबीवर बघून घ्या. खरं म्हणजे एवढ्या लोडच्या वायरला मध्ये जॉइंट देण्याआधी नवी वायर ओढता येते का ते इलेक्ट्रिशियनला विचारा.

बोर्ड बंद करण्याआधी अजून एक करते ते सांगते. वायर झेडसारखी घडी घालून आत ढकलायची, गोळा करून नाही, डब्या बॉक्सच्या मागच्या बाजूला किंवा कोपऱ्यात, स्विचच्या टर्मिनलच्या मागे नाही. सगळं बसवून, प्लेट लावायच्या आधी सगळ्या वायरी परत एकदा ओढून बघायच्या कारण आत ढकलताना एखादी सैल होऊ शकते. मग सप्लाय चालू करून मोठा लोड अर्धा तास चालवायचा, परत मेन बंद करून, टेस्टरने बघून, डबीला हात लावायचा. चांगला जॉइंट शेजारच्या वायरपेक्षा वेगळा गरम लागत नाही. मल्टिमीटर असेल तर डबीला टेस्टिंगची भोकं आहेत, वायर न काढता प्रोब आत लावता येतो, बोर्डात बिघाड शोधताना याचा खूप उपयोग होतो.

अल्युमिनियमचं राहिलं. खूप जुन्या वायरिंगमध्ये पांढरट, हलकी, वाकवली की लगेच तुटणारी वायर दिसली तर ते अल्युमिनियम असू शकतं, तिथे वरचं काहीही लागू करू नका. अल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साईडचा थर येतो जो करंट वाहूच देत नाही, दाबाखाली ते सरकतं, आणि तांब्याला थेट जोडलं की ओलाव्यात गंजतं. त्यासाठी खास पेस्ट आणि कंपनीने अल्युमिनियमसाठी चालेल असं लिहून दिलेलेच कनेक्टर लागतात, आणि मोठा लोड असेल तर ती लाईनच बदलून घेतलेली बरी.

घ्यायचे असतील तर नुसते दोनवाले घेऊ नका. बोर्डात फेज एका स्विचवरून दुसऱ्यावर लूप केलेला असतो, तिथे आलेली वायर आखूड निघाली की एक येणारी आणि दोन जाणाऱ्या अशा तीन लागतात, न्यूट्रल आणि अर्थिंगला तर तीन-चार सहज होतात. त्यामुळे २४११ आणि ४१३ जास्त, ४१५ थोडे, आणि सोबत प्रत्येक रंगाची थोडी थोडी २.५ आणि १.५ ची वायर.